नमुना सतरा

भद्रकालीच्या मागे, तांबट आळीत,
आमच्या दुकानातले ठोके सरळ नसायचे:
एक हलका, दोन जड, एक हलका.
त्यावर मी पाढे पाठ केले.
पुढे आवर्तसारणीही.

आता गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
पगारे मॅडमच्या हाताखाली
मी असं काही शोधते
जे शोधायला घेईपर्यंत उरत नाही.

पेशीतला श्वास म्हणजे एक रांग.
विहिरीपासून आगीपर्यंत बादल्या जाव्यात
तसे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात,
शेवटी ऑक्सिजन उभा असतो,
चार मोजून घेतो, पाणी करतो.
पण रांग म्हटली की कुणाचा तरी हात निसटणार.
मधेच एखादा सांडतो
आणि तिथून चाललेला ऑक्सिजन
तेवढा एकच उचलून निघतो.

पुस्तकात त्याला मुक्त मूलक म्हणतात.
मुक्त कसला!
जोडीदाराविना एक इलेक्ट्रॉन,
जो दिसेल त्याच्या घरातून दुसरा ओढणारा.
त्याचं पेरॉक्साइड झालं, तोवर निभतं.
वाटेत सुटं तांबं भेटलं, लोखंड भेटलं,
की त्यातून जे निघतं
त्याला सेकंदाचा अब्जावा भागही खूप होतो.

नाना हे ऐकत होते, हातात पातेलं.
म्हणाले, म्हणजे कळकतं.
बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवल्यासारखं.
मी म्हटलं, हो. बरोबर तसंच.
मग आतून कल्हई नसते?
असते. विकरं असतात, जीवनसत्त्वं असतात.
वयाबरोबर उडते.
त्यांनी पातेलं उलटं करून बघितलं,
उत्तर दिलं नाही.

पकडायचं म्हणजे मागे धावायचं नाही.
आधीच एक रेणू पेशीत सोडायचा,
शांत, हात पुढे केलेला.
त्यानं हात धरला की तो टिकतो,
थोडा वेळ. गोठवला तर आणखी थोडा.

गोठवायला द्रव नत्र लागतं.
ते जनावरांच्या रेतन केंद्रात मिळतं;
खैरनार वळूंच्या कांड्यांशेजारून ओतून देतात.
गाय की म्हैस, त्यांनी विचारलं.
माणूस, मी म्हटलं.
त्यांनी पावतीवर 'इतर' लिहिलं.

यंत्र नाशकात नाही.
पुण्याच्या पहाटेच्या गाडीत
मांडीवर तो जाड डबा, झाकणातून धूर.
कंडक्टर म्हणाला, यात काय आहे?
थंडी आहे, मी म्हटलं.
सिन्नरपर्यंत तो वळून वळून बघत होता.

तिथे चुंबकाच्या दोन जबड्यांत
काचेची नळी, माझ्या करंगळीहून बारीक.
एकट्या इलेक्ट्रॉनला चुंबक ओळखतो.
जोडीत असतो तो गप्प राहतो,
एकटा असतो तो गिरकी बदलतो
आणि पडद्यावर रेघ उठते.

नमुन्यांना नावं नसतात, आकडे असतात.
तसा नियम आहे.
पण सतराचं रक्त काढताना
दंड मी धरला होता,
कोपरापाशी नवसागराचा जुना डाग.

सोळाची रेघ जवळपास सपाट.
मग सतरा.
चार शिखरं.
पहिलं बुटकं, मधली दोन दुप्पट उंच, शेवटचं बुटकं.
तिथले सर म्हणाले, स्वच्छ आलंय,
पाठ्यपुस्तकासारखं.
मी ऐकत होते.
एक हलका, दोन जड, एक हलका.

वहीत लिहिलं: सतरा, इतरांहून तिप्पट.
एका नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही,
हेही लिहिलं, खाली रेघ मारून.

रात्री नानांनी विचारलं, सापडला?
हो.
कसा होता?
मी चपला काढत होते, म्हटलं, एकटा.

आई गेल्याला नऊ वर्षं झाली.
ते भट्टीपाशी वाकले, कथिलाची कांडी घेतली,
म्हणाले, एकटा म्हणून लगेच धरायचं का कुणाला?

आणि पातेलं तापत ठेवलं.
पांढरा धूर उठला. मी खिडकी उघडली.